शेवटच्या वॉल्ट्झला अकॉर्डियन नाही

१० एप्रिल, गुरुवार

रक्तदाब १३४/८२. सकाळी मागच्या कुंपणाचा कललेला खांब सरळ करून घेतला. दुपारी नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपनीचं पत्र आलं. संध्याकाळी सूप.

डॉक्टरांनी रोजचा रक्तदाब लिहून ठेवायला सांगितला आहे, म्हणून ही वही. मी स्वतः चौतीस वर्षं गावातल्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी होते आणि लोकांना अशा वह्या ठेवायला सांगत होते. कोणी ठेवत नसे.

पत्र माझ्या नवऱ्याच्या, लिओनच्या बँडबद्दल, फेन्सजंपर्सबद्दल आहे. बँडच्या एकतीस वर्षांतली निवडक गाणी एकत्र काढायची आहेत. दोन तबकड्या, चार बाजू, चोवीस गाणी. लिओनच्या वाटची संमती आता मी द्यायची. लिओनला जाऊन नऊ आठवडे झाले. पत्रात त्याला 'कंट्री संगीताच्या सीमा पुसून टाकणारा' म्हटलं आहे. सीमा त्यानं कधी मुद्दाम पुसली नाही. झेक आजोबांकडून पोल्का आला, शेजाऱ्यांकडून मेक्सिकन गाणी आली, रेडिओवर कंट्री लागायचं, आणि त्यानं तिन्ही एकाच अकॉर्डियनवर वाजवली. बँडचं नावही आमच्या एका गाईवरून पडलं. ती कुठल्याच कुंपणात राहत नसे.

सही करून पत्र परत पाठवलं.

२४ एप्रिल, गुरुवार

गाणी निवडायला रुबेन आणि डॉईल आले. बँडमधले आता हे दोघेच जवळ आहेत. रुबेन आरेडोंडो बारा तारांची गिटार वाजवतो, डॉईल टॅकेट व्हायोलिन. ड्रमवाला हर्शेल मुलीकडे ॲरिझोनात असतो. त्याचं मत फोनवर घेतलं. तो सगळ्यालाच हो म्हणतो.

दोघांनी आपापल्या याद्या आणल्या होत्या. रुबेननं डॉईलची यादी चष्मा वर करून वाचली.

“चोवीसातली सतरा गाणी व्हायोलिननं सुरू होतात,” तो म्हणाला. “उरलेल्या सातांच्या वेळी तू आजारी होतास का?”

“उरलेली सात तुझ्या समाधानासाठी घेतलीत. आणि तुझ्या यादीतलं हे काय? ह्यात तू दीड मिनिट नुसता ‘आय-आय-आय’ करतोस. शब्द कुठायत?”

“भावना आहे ती. तुला नाही कळायची. तू लबक गावचा.”

“लबकमध्ये भावना असतात. आम्ही त्या लोकांना ऐकवत नाही.”

चार तास बसून एकही गाणं ठरलं नाही. मी नूडल्सचं सूप केलं होतं. दोघांनी दोन-दोन वाडगे घेतले. रुबेननं मोहरीची चटणी शोधायला फ्रिज उघडला आणि बराच वेळ आत पाहत राहिला. सुपाबरोबर मोहरीची चटणी कोण खातं ते मला माहीत नाही. पुढच्या गुरुवारी परत येणार म्हणाले.

१ मे, गुरुवार

आले. रुबेननं अंडी, एक कोंबडी आणि त्याच्या बायकोनं केलेली मक्याच्या पिठाची तमालं आणली. म्हणाला, घरी जास्त झालं होतं. एक गाणं ठरलं.

१५ मे, गुरुवार

तीन गाणी ठरली होती, त्यातली दोन डॉईलनं आज रद्द केली. मग तो शिडी लावून छपराच्या पन्हळीतला पाला काढत बसला. मी म्हटलं, यादीचं काय. तो वरून म्हणाला, “घाईत केलेली यादी आणि घाईत केलेलं लग्न, दोन्ही मी करून बसलोय.”

माणसं इतकी चोखंदळ असतील असं वाटलं नव्हतं. पूर्वी हेच लोक अख्खी रेकॉर्ड तीन दिवसांत उरकायचे. वय झालं की निर्णय होत नाहीत, दुसरं काय. मला कंटाळा येतो असं नाही. गुरुवार बरा जातो. पण कंपनीची मुदत आहे.

२९ मे, गुरुवार

रक्तदाब १३०/८०. कंपनीतल्या कोर्टनी बील बाईंनी स्वतःच यादी पाठवली. आमच्याकडून काही येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असणार. गाणी चांगली निवडली आहेत. क्रम मात्र सालाप्रमाणे लावला आहे.

आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसून वाचत होतो. मी म्हटलं, “हे चालायचं नाही. सुरुवातीलाच तीन वॉल्ट्झ लागोपाठ. म्हातारी मंडळी दमून बसतील आणि तरुण बाहेर गाड्यांपाशी जाऊन उभे राहतील. मग दहा वाजेपर्यंत कोणी आत यायचं नाही.”

रुबेननं डॉईलकडे पाहिलं. डॉईल म्हणाला, “मग तू लाव.”

“मी काय लावणार? मी कुठलं वाद्य वाजवते?”

“एकतीस वर्षं दाराशी उभं राहून बोटं कोण दाखवत होतं?”

त्यात विशेष काही नव्हतं. मी नाचाच्या हॉलच्या दारावर तिकिटांच्या टेबलाशी असायची. तिथून सगळी जमीन दिसते, स्टेजवरून दिसत नाही. कोण नाचतंय, कोण बसलंय, कोणाचं कोणाशी भांडण झालंय आणि आता जोड्या बदललेल्या बऱ्या, हे मला दिसायचं. मग मी एक बोट वर केलं की पोल्का, दोन केली की टू-स्टेप, तीन केली की वॉल्ट्झ. लिओन माझ्याकडे बघून पुढचं गाणं सुरू करायचा. हा निरोप द्यायचा प्रकार होता. त्याला संगीत म्हणत नाहीत.

असं मी त्यांना सांगितलं. रुबेन म्हणाला, “बरोबर. आणि ट्रॅफिक सिग्नलचा गाड्यांशी काही संबंध नसतो.”

१२ जून, गुरुवार

बसून क्रम लावला. चाळीस मिनिटं लागली.

दोन पोल्का, मग दम खायला एक वॉल्ट्झ. मग रुबेनचं आय-आय-आय, कारण तेव्हा सगळ्या वयाचे लोक उठतात आणि बायका बायकांबरोबर नाचतात. मग टू-स्टेप. प्रत्येक बाजू अशा गाण्यावर संपवली की लोकांना बिअर आणि सॉसेजकडे जावंसं वाटावं. डॉईलचं एकट्याचं व्हायोलिन तिसऱ्या बाजूला मध्यावर ठेवलं. त्या वेळी लहान मुलं बाकांखाली गोधड्यांवर झोपलेली असतात, मोठा आवाज नको असतो.

चौथ्या बाजूचं शेवटचं गाणं म्हणजे आमचा नेहमीचा शेवटचा वॉल्ट्झ. त्याला नाव नाही. याद्यांवर लिओन ‘शेवटचं’ एवढंच लिहायचा. त्याचं एकच ध्वनिमुद्रण आहे, कोसारेक हॉलमधलं, हर्शेलच्या भावानं केलेलं. त्यात लिओन वाजवत नाही.

मी त्या दोघांना म्हटलं, “झालं. दोन महिने तुम्ही काय करत होतात ते मला कळत नाही.”

“वाट बघत होतो,” रुबेन म्हणाला.

“कशाची?”

“कॉफीची. केव्हाची ठेवलीयेस.”

क्रम कंपनीला पाठवला. काम संपलं, तेव्हा पुढच्या गुरुवारी यायचं कारण नाही असं मी त्यांना सांगितलं. डॉईल म्हणाला, मुखपृष्ठाचा फोटो निवडायचा आहे. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

२२ जुलै, मंगळवार

उकाडा फार. सकाळी सातलाच टोमॅटोंना पाणी घातलं. अकरा वाजता कोर्टनी बाईंचा फोन आला. बाई तरुण असाव्यात. बोलणं मऊ आहे, प्रत्येक वाक्याला ‘मिसेस कोवार’ म्हणतात.

क्रम सगळ्यांना फार आवडला म्हणाल्या. कोणी लावला ते विचारलं. मी म्हटलं, बँडनं.

“एकच अडचण आहे, मिसेस कोवार. शेवटच्या वॉल्ट्झमध्ये मिस्टर कोवारांचं अकॉर्डियनच नाही. त्यांच्या आठवणीचा संग्रह, आणि त्याचा शेवट त्यांच्याशिवाय. ऐकणाऱ्याला चुकल्यासारखं वाटेल.”

मी खिडकीतून टोमॅटोंकडे पाहत होते.

“आमच्याकडे एक उत्तम तंत्रज्ञ आहे. त्याच सुरातलं त्यांचं वाजवणं दुसऱ्या मुद्रणातून उचलून इथे बसवता येतं. त्यांचंच वाजवणं, त्यांचेच हात. कोणाला जोड दिसणार नाही. तुमची हरकत नाही ना?”

मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.

हे वाक्य माझ्या तोंडून फार लवकर येतं. दुकानात औषधकंपन्यांचे विक्रेते यायचे तेव्हाही यायचं. लिओन म्हणायचा, तुला मेलेल्या घोड्यावर बसवलं तरी तू खोगीर चांगलं आहे म्हणशील.

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. लोक लिओनला ऐकायला रेकॉर्ड घेणार. मीसुद्धा ऐकेन.

२४ जुलै, गुरुवार

दोघांना सांगितलं. तारोकी हा आमचा झेक पत्त्यांचा खेळ मांडला होता, डॉईल पत्ते वाटता वाटता थांबला.

“तो कुठे होता ते तू तिला सांगितलंस?”

“तिनं विचारलं नाही.”

“अल्बिना.”

“रेकॉर्डवर लिओन असावा असं त्यांना वाटतं. त्यात गैर काय आहे?”

“गैर काहीच नाही,” डॉईल म्हणाला. “फक्त खोटं आहे.”

रुबेननं त्याला टेबलाखालून पाय मारला. मला दिसलं. मग मला म्हणाला, “आम्ही फोन करू का तिला?”

“नको. परक्या बाईला घरातल्या गोष्टी कशाला सांगायच्या.”

“बरं. तुझी गोष्ट आहे. तू सांगशील तर सांगशील.”

मग नुसते पत्ते खेळलो. मी लागोपाठ तीन डाव जिंकले. डॉईल कधी असा राजा टाकत नाही. त्याचं लक्ष नव्हतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

रक्तदाब १४८/९०. जोडलेल्या गाण्याचा नमुना आला. शुक्रवारपर्यंत कळवा, त्यानंतर छपाईला जाणार असं लिहिलं आहे.

स्वयंपाकघरात लावलं. अकॉर्डियन लिओनचंच आहे. कुठल्याही वॉल्ट्झच्या दुसऱ्या कडव्यात तो सूर जरा धरून ठेवायचा, तसा धरला आहे. कुठेही जोड कळत नाही. मी दोनदा ऐकलं. पहिल्यांदा बरं वाटलं, हे लिहायला हवं.

आता दुसरं लिहिते. कोणी वाचणार नाही.

शेवटच्या वॉल्ट्झला लिओन अकॉर्डियन उतरवून खुर्चीवर ठेवायचा आणि स्टेजवरून खाली यायचा. मी दारावरचं टेबल मिटवलेलं असायचं. संपूर्ण संध्याकाळ तो सगळ्या परगण्याचा. कोणाच्या लग्नात, कोणाच्या साठीला, कोणाच्या आईला आवडतं म्हणून तेच गाणं तीनदा. ती चार मिनिटं माझी. एकतीस वर्षं. दुकानातले सपाट तळव्यांचे बूट माझ्या पायात असायचे, कारण शनिवारी मी दुकानातून थेट यायची. आम्ही फार काही बोलायचो नाही. बघणारे बघायचे, पण आपापल्या कोटांच्या शोधात.

दुसऱ्यांदा ऐकताना मला बरं वाटेना. प्रथम वाटलं, उकाड्यानं असेल. मग लक्षात आलं. लिओन स्टेजवर वाजवत असेल, तर मी खाली कोणाबरोबर नाचत होते?

आणखी एक. मूळ फितीत मागे एक खरखर होती, ती नाहीशी झाली आहे. मूळ फीत ऐकताना ती कशाची ते लक्षात आलं नव्हतं, आता आलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

काल तीनदा पत्र लिहिलं आणि फाडलं. रुबेन आणि डॉईलनं काही विचारलं नाही. मुखपृष्ठाच्या फोटोवरून भांडले. एका फोटोत डॉईलला केस आहेत, त्याला तो हवा आहे.

आज सकाळी नऊला फोन केला. काय बोलायचं ते औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतलं होतं. चिठ्ठी वाचली गेली नाही.

“कोर्टनी बाई, मी हो म्हटलं होतं. आता नाही म्हणते. ते अकॉर्डियन काढा.”

“काही चुकलंय का? तंत्रज्ञ म्हणतोय—”

“तंत्रज्ञ हुशार आहे. चूक त्याची नाही, मी सांगितलं नव्हतं. लिओन त्या गाण्यात आहे. तो नाचतोय.”

मग त्यांनी विचारलं, “कोणाबरोबर?”

मी म्हटलं, माझ्याबरोबर. एवढं बोलायला मला सतरा दिवस लागले आणि एक शब्द पुरला.

“आणि ती खरखर,” मी म्हटलं, “तीही परत घाला. आमच्याकडे नाचाच्या जमिनीवर मक्याचं पीठ टाकतात, बूट सरकावेत म्हणून. पिठावरून बूट घासल्याचा आवाज आहे तो. त्यात एक लिओनचा आहे. डावा पाय जरा ओढायचा.”

त्या म्हणाल्या, “मिसेस कोवार, आम्ही तो आवाज धूळ समजून पुसून टाकला.”

“मूळ फीत आहे ना?”

“आहे. आहे. आजच करते.” मग विचारलं, “आणि तो क्रम बँडनं लावला नाही, हो ना? मिस्टर आरेडोंडो सांगत होते.”

रुबेनला त्यांच्याशी बोलायचं काय कारण होतं ते कळलं नाही. फोन ठेवला. रक्तदाब घ्यायचा राहिला.

२ सप्टेंबर, मंगळवार

कोर्टनी बाईंचा फोन. फीत आता जशीच्या तशी आहे. पण पीठ ऐकू यावं म्हणून तंत्रज्ञानं मागचे आवाज वर आणले, तेव्हा शेवटाकडे एका पुरुषाचा आवाज सापडला. हळू बोलतो आहे, इंग्रजी नाही. बाईचं एका शब्दाचं उत्तरही आहे.

“आम्ही कोणी ऐकलं तर बरं दिसेल का, कळेना,” त्या म्हणाल्या. “खाजगी असेल. तुम्ही सांगाल तर काढतो. तुम्ही आधी ऐका.”

त्यांनी तो तुकडा पाठवला. मी दार लावून घेतलं, तसं घरात कोणी नव्हतं. ऐकलं. मग परत ऐकलं. मग त्यांना फोन लावला.

“तो झेकमध्ये बोलतोय,” मी म्हटलं.

“काय म्हणतायत ते, मिसेस कोवार? सांगायचं नसेल तर नका सांगू.”

“म्हणतोय, हॉलच्या फ्रिजमधलं सॉसेज घेतलंस ना? मागच्या वेळी विसरलो होतो.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, घेतलं.”

बाई इतक्या हसल्या की त्यांच्या ऑफिसातलं कोणीतरी विचारायला आलं. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी छातीत दुखेपर्यंत. राहू द्या म्हटलं. खाजगी असं त्यात काही नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

दोघांना ऐकवलं. डॉईलला हसून ठसका लागला, पाठीत थोपटावं लागलं. रुबेन मात्र गंभीर झाला.

“एकतीस वर्षं,” तो म्हणाला, “मी ते गाणं डोळे मिटून वाजवलं. म्हटलं, ही दोघं खाली काय बोलत असतील, आपण बघू नये. माझ्या बायकोला मी सांगायचो, असं प्रेम असावं.”

“मग?” डॉईल म्हणाला. “सॉसेज विसरलं होतं मागच्या वेळी. त्यानं लक्षात ठेवलं. तुला तुझ्या बायकोनं काय आणायला सांगितलंय आज?”

रुबेनला आठवेना. फोन करून विचारावं लागलं. दूध आणि लिंबं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रेकॉर्ड आली. प्रत्येकाला दोन-दोन प्रती. मुखपृष्ठावर शेवटी गाईचा फोटो आहे. डॉईलचे केस आत आहेत, लहान.

आतल्या पानावर प्रत्येक गाण्याखाली कोण काय वाजवतं ते बारीक अक्षरात छापलं आहे. मला औषधांच्या पाकिटांवरची अक्षरं वाचायची सवय आहे, म्हणून मी सगळं वाचलं. चौथ्या बाजूला शेवटी असं आहे:

‘शेवटचं. कोसारेक हॉल. गिटार: रुबेन आरेडोंडो. व्हायोलिन: डॉईल टॅकेट. ड्रम: हर्शेल प्रूट. बूट: लिओन कोवार. सपाट बूट: अल्बिना कोवार.’

त्याखाली वेगळ्या ओळीत, ‘चारही बाजूंचा क्रम: अल्बिना कोवार, दारावरून.’

मी म्हटलं, “हे कोणी दिलं छापायला? मला कोणी विचारलं नाही.”

“तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?” डॉईलनं विचारलं.

दोघं एकदम म्हणाले, “तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.”

आता छापून झालं आहे, बदलता येणार नाही. छपाईची चूक नाही, नावं बरोबर आहेत. मी त्यांना विचारलं की आता ठरवायचं काहीच उरलं नाही, तर गुरुवारचं काय. रुबेन म्हणाला, दुसऱ्या भागाची तयारी आतापासून सुरू करावी लागेल, डॉईलच्या वेगानं आठ वर्षं जातील. कंपनीनं दुसऱ्या भागाबद्दल काही कळवल्याचं मला माहीत नाही. पण तशी तयारी असलेली बरी. कोंबडी फ्रीजरमधून बाहेर काढून ठेवायला हवी पुढच्या वेळी.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चर्चमध्ये मास. थंडी पडायला लागली आहे. जेवण झाल्यावर एकटीच होते, चौथी बाजू लावली. गाणी लावलेल्या क्रमानं बरोबर उतरली. तिसऱ्या गाण्यानंतर जरा मोठी विश्रांती हवी होती, तेवढी चुकली.

शेवटचं चार मिनिटं अकरा सेकंदांचं आहे. व्हायोलिन, गिटार, ड्रम, आणि मध्ये अकॉर्डियनची जागा मोकळी. पिठाचा आवाज नीट येतो. पुष्कळ पाय आहेत, पण एक ओढला जातो तो वेगळा काढता येतो. त्याच्या जवळ जो सारखा, न घासणारा आवाज आहे, तो माझा. मी इतकी बरोबर तालात नाचत होते हे मला माहीत नव्हतं. मग तो विचारतो, मी घेतलं म्हणते, आणि टाळ्या.

तबकडी पाकिटात घातली. मागच्या अंगणात झाडाखाली अक्रोडासारखे पेकान पडले होते, खारी घेऊन जातात. स्वेटर चढवला, बादली घेतली आणि ऊन होतं तोवर वेचत बसले.